तोरेव्हिएहा (स्पेन) : समुद्रकाठी जुनं घर घेणं आणि तिथे राहणं

मीठभाकर :

नमस्कार मंडळी. स्पेनच्या किनाऱ्यावर फ्लॅट घ्यावा का, असं विचारणारे निरोप वर्षभरात बरेच आले. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आम्ही दोघं लंडनजवळ हॅरोला राहतो. पासपोर्ट ब्रिटिश, मुली आपापल्या मार्गाला लागलेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलिकांते प्रांतातल्या तोरेव्हिएहा गावात आम्ही दोन बेडरूमचा जुना फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट आहे, समुद्र चालत सात मिनिटांवर.

हेच गाव का, ते आधी सांगते. मी भाईंदरची. बाबा मिठागरावर कामाला होते, माझं लहानपण मिठाच्या राशी बघण्यात गेलं. तोरेव्हिएहाला दोन खारी तळी आहेत आणि त्यातल्या एकातून आजही मीठ काढतात. समुद्राचं पाणी कालव्याने आत घेतात. शिवाय पन्नासेक किलोमीटरवर पिनोसोजवळ मिठाचा डोंगर आहे, तिथलं मीठ पाण्यात विरघळवून नळाने या तळ्यात आणून सोडतात. खारटपणा इतका की त्यात मोजके सूक्ष्मजीव आणि शेवाळच तगतं आणि त्यांच्यामुळे पाणी गुलाबी दिसतं. तळ्यात उतरायला मनाई आहे, पण कडेने चालता येतं. पहिल्यांदा ती पांढरी रास लांबून दिसली तेव्हा वाऱ्याला तोच वास होता, ओल्या मिठाचा आणि चिखलाचा. मी तिथेच नवऱ्याला म्हटलं, घ्यायचं तर इथे.

एखाद्या जागेवर असा जीव जडला की माणूस कागद नीट बघत नाही. माझं तेच झालं, म्हणून हा धागा.

आधी आकडे. घर ९४,००० युरोंचं. त्यावर व्हॅलेन्सिया प्रदेशाचा हस्तांतरण कर तेव्हा १० टक्के होता, म्हणजे ९,४००. (१ जून २०२६ पासून ९ टक्के. आंदालुसियात ७ टक्के आहे. प्रदेशागणिक फरक पडतो, ते आधी बघा.) नोटरी आणि नोंदणीचे मिळून १,३००, वकिलाचे १,५००. म्हणजे किमतीच्या वर १३ टक्के गेले. नवं घर बिल्डरकडून घेतलं तर हस्तांतरण कराऐवजी १० टक्के व्हॅट आणि वर मुद्रांक शुल्क लागतं. आमचा विक्रेता नॉर्वेचा, स्पेनमध्ये न राहणारा. अशा वेळी घेणाऱ्याने किमतीतले ३ टक्के कापून महिन्याभरात थेट कर खात्यात भरायचे असतात. आम्ही २,८२० कापले. हे विसरलात तर विक्रेत्याच्या कराची वसुली तुमच्या घरावर येऊ शकते.

क्रम असा असतो: आधी एनआयई, म्हणजे परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. मग 'नोता सिम्प्ले', आपल्या सातबाऱ्याची आठवण यावी असा नोंदणी कार्यालयाचा उतारा. त्यात मालक कोण, गहाण आहे का, जप्ती आहे का ते कळतं. दहाएक युरोंत ऑनलाइन मिळतो. मग 'आर्रास', म्हणजे विसार करार, बहुधा १० टक्के. त्या कराराचा जो नेहमीचा प्रकार असतो त्यात तुम्ही माघार घेतली तर विसार बुडतो आणि विक्रेत्याने घेतली तर त्याने दुप्पट परत द्यायचा. शेवटी नोटरीसमोर खरेदीखत. नोटरी दोघांचाही नसतो. तो कागद कायद्याने नीट आहे का एवढं बघतो, सौदा तुमच्या हिताचा आहे का ते बघत नाही. त्यासाठी वकील.

आणि तिथेच आमचं चुकलं. वकील एजंटनेच सुचवला, त्याच गल्लीत त्याचं ऑफिस. माणूस गोड बोलणारा. त्याने सोसायटीचा 'थकबाकी नाही' दाखला आणला, आम्ही निर्धास्त झालो. आठ महिन्यांनी, जून २०२३ मध्ये पत्र आलं: इमारतीची दर्शनी भिंत आणि बाल्कन्यांची दुरुस्ती, तुमचा वाटा ४,२०० युरो. या वर्गणीला तिथे 'डेर्रामा' म्हणतात. निर्णय आमच्या खरेदीच्या आधीच्या सभेत झाला होता, हप्ते नंतर लागले. स्पेनच्या सोसायटी कायद्यात अशी वर्गणी ज्या दिवशी देय होते त्या दिवशी जो मालक असेल त्याने भरायची. दाखला खोटा नव्हता. ज्या दिवशी दिला त्या दिवशी थकबाकी खरंच शून्य होती. मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं कोणी मागितलीच नाहीत. ती मागितली असती तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेता आले असते. वकील स्वतः शोधा, एजंटशी काडीचा संबंध नसलेला. ही एक गोष्ट पाळलीत तरी धागा लिहिल्याचं सार्थक झालं.

चुनाविटा :

उत्तम लिहिलंय. मी दापोलीत घरांची कामं करतो, स्पेनला दोनदा जाऊन आलोय. तुमच्या डेर्राम्याचं कारण आमच्याकडे रोज बघतो. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये शिरतो, आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबचा पापुद्रा सुटतो. समुद्रकाठी ऐंशीच्या दशकातली इमारत असेल तर घर बघायला जाताना आधी फ्लॅट बघू नका. खाली उभं राहून बाल्कन्यांची पोटं बघा. तपकिरी ओघळ दिसले, कडेला सरळ रेषेत चीर दिसली, की आत गंज आहे असं धरून चाला. नवा रंग फक्त बाल्कन्यांच्या खालच्या बाजूला असेल तर जास्त जवळून बघा. मग पार्किंगचं छत, मग गच्ची. फरशीवर नाण्याने टकटक केलं तरी पोकळ आवाज कळतो. व्हॅलेन्सिया प्रदेशात पन्नास वर्षांवरच्या इमारतींना तपासणी अहवाल लागतो, तो असेल तर मागून घ्या.

आणखी एक. आपल्याकडे सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, १९९१ पासून आहेत, त्यांच्याकडे किनारा कायदा १९८८ चा. भरतीरेषेलगतचा पट्टा सार्वजनिक मालकीचा. त्या पट्ट्यात जुनी घरं आहेत, पण ती मुदतीच्या परवान्यावर, मालकी हक्काने नव्हे. 'थेट वाळूवर' अशी जाहिरात असेल तर आधी तो पट्टा कुठे संपतो हे वकिलाकडून नकाशावर बघून घ्या.

निवृत्त६२ :

ताई, मनापासून लिहिलंत. मी कोथरूडचा, बँकेतून निवृत्त. मुलगा स्पेनमध्येच, आलिकांते प्रांतातल्या एल्चेला नोकरीला आहे. पत्नीला सांधेदुखीचा त्रास, पुण्याच्या पावसाळ्यात फार हाल होतात. तिथली कोरडी उबदार हवा तिला मानवेल असं वाटतं. सव्वा लाख युरोंपर्यंत जमवू शकतो. एका कार्यक्रमात सांगितलं की घर घेतलं की तिथे राहायचा परवाना मिळतो. ते खरं आहे का? आणि पैसे इथून कसे न्यायचे?

हिशेबनीस :

निवृत्त६२ काका, परवान्याची ती वाट बंद झाली. २०१३ च्या कायद्याने ५ लाख युरोंच्या घरावर निवासाचा परवाना मिळायचा. ३ एप्रिल २०२५ पासून ती योजना रद्द आहे. आणि तुमच्या रकमेत ती कधीच बसत नव्हती. आता घर घेतल्याने एक दिवसही जास्त राहता येत नाही. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस, बस्स.

तुमच्यासाठी मार्ग म्हणजे काम न करता राहण्याचा व्हिसा. अट उत्पन्नाची आहे, घराची नाही. ती 'इप्रेम' नावाच्या सरकारी निर्देशांकावर ठरते. तो महिना ६०० युरो धरला तर एका माणसाला त्याच्या चौपट, म्हणजे वर्षाला २८,८०० युरो, आणि पत्नीसाठी आणखी ७,२००. दोघांचे ३६,००० युरो, पेन्शन, व्याज, ठेवी यातून दाखवावे लागतात. तिथे नोकरी चालत नाही. स्पेनमध्ये चालणारा पूर्ण खाजगी आरोग्य विमा लागतो, आणि सत्तरीजवळ तो मिळणं अवघड होत जातं, म्हणून आधी विमा बघा आणि मग बाकीचं. पोलीस दाखल्यावर अपॉस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का) आणि अधिकृत स्पॅनिश भाषांतर हवं. अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो. पहिला परवाना एक वर्षाचा, मग दोन दोन वर्षांचे. एक वर्ष राहिल्यावर पैसे भरून सरकारी आरोग्यसेवेत जाता येतं: ६५ च्या आतल्यांना महिना ६०, वरच्यांना १५७ युरो, औषधं वेगळी.

पैसे: रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवायच्या योजने) खाली माणशी आर्थिक वर्षाला २.५ लाख डॉलर पाठवता येतात, तेव्हा मर्यादेचा प्रश्न नाही. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. ते विवरणपत्रात वळतं होतं, पण तोवर हातात नसतं, म्हणून तेवढी रोकड वेगळी ठेवा. भारताचे रहिवासी असेपर्यंत ते घर दरवर्षी विवरणपत्रातल्या शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यामध्ये दाखवायचं. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. तुम्ही बँकेतले, तुम्हाला हे माहीतच असेल, इतरांसाठी लिहितो.

घर भाड्याने दिलं नाही तरी स्पेन कर घेतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सरकारदरबारी जे घराचं मूल्य असतं त्याचे १.१ किंवा २ टक्के हे तुमचं मानीव उत्पन्न, त्यावर युरोपीय संघाबाहेरच्यांना २४ टक्के. मूल्य ४०,००० असेल तर ४४० वर साधारण १०६ युरो. रक्कम छोटी, पण न भरता वर्षं गेली की घर विकताना थकबाकी वर येते. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांचे वेगळे अर्ज. याशिवाय नगरपालिकेची घरपट्टी, कचरापट्टी, सोसायटी. आणि वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही तिथले करदाते, मग भारतातलं उत्पन्नही तिथे दाखवायचं. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण अर्ज भरणं चुकत नाही.

मीठभाकर :

हिशेबनीस, किती स्वच्छ लिहिलंत. काका, पैशांपेक्षा मला वहिनींच्या सांध्यांची काळजी वाटते, म्हणून हे वाचाच.

तिथला हिवाळा घराबाहेर सुंदर असतो. जानेवारीत दुपारी स्वेटर काढून बाकावर बसता येतं. पण घराच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते. जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली: भिंतीत उष्णतारोधक थर नाही, जमिनीला फरशी, खिडक्या एका काचेच्या, घर तापवायची सोय नाही. त्यात समुद्राची दमट हवा. पहिल्या जानेवारीत आम्ही तीन आठवडे राहिलो. बंद कपाटात ठेवलेल्या माझ्या इरकलीच्या घडीवर हिरवट बुरशीचे ठिपके होते. पलंगामागची भिंत हाताला ओली लागायची. हवेतली ओल शोषणारं यंत्र आणलं, सकाळी त्याची बादली ओतताना बघितलं तर तीन लिटर पाणी! माझे स्वतःचे गुडघे त्या तीन आठवड्यांत हॅरोपेक्षा जास्त दुखले. हॅरोला निदान रेडिएटर आहे.

आमचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून. आम्ही तो ऑक्टोबरच्या दुपारी बघितला, तेव्हा गारवा किती छान वाटला होता! दक्षिणेकडे तोंड असलेल्या शेजारच्या घरात दुपारी ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं, आणि ते घर तीन-चार अंशांनी तरी उबदार लागतं. काका, वहिनींना घेऊन जानेवारी-फेब्रुवारीत भाड्याने राहून बघा. तोवर विसार देऊ नका.

मांडवीकाठ :

देव बरें करूं. मी पेडण्याचा, नंतर इंग्लंडमध्ये स्विंडनला. वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. आमच्यासारखे गोंयकार स्विंडनात पुष्कळ. ब्रेक्झिटनंतर उलटं झालं: ब्रिटिशांना दिवस मोजावे लागतात आणि आम्हाला स्पेनमध्ये फक्त नोंदणी करावी लागते. व्हिसा नाही. पण तीन महिन्यांवर राहायचं तर पुरेसं उत्पन्न आणि आरोग्याची सोय दाखवावी लागतेच, नुसत्या पासपोर्टावर भागत नाही. बायकोचा पासपोर्ट भारतीय असेल तर तिचं कुटुंबीय म्हणून वेगळं कार्ड.

मी गोष्ट सांगायला आलो ती वेगळी. तोरेव्हिएहाच्या दक्षिणेला मुर्सिया प्रदेशात मार मेनोर नावाचं मोठं खारं सरोवर आहे. त्याच्या काठी लोस आल्कासारेसमध्ये मला एक घर फार स्वस्त दिसलं. तळमजला, अंगण, लिंबाचं झाड. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसलो होतो. मालकाला कुठलं घर बघायला आलो ते सांगितलं. तो काही बोलला नाही, मला आत घेऊन गेला आणि फ्रिजमागच्या भिंतीवर माझ्या कमरेच्या उंचीला असलेली चिखलाची रेघ दाखवली. सप्टेंबर २०१९ चा पूर. म्हणाला, रंग लावताना एवढी जागा मुद्दाम सोडली.

तिथे नदी दिसत नाही, दिसतो तो कोरडा ओढा, 'रांबला'. वर्षभर त्यात गाड्या लावतात. शरदात दोन तासांत पाऊस कोसळला की तोच ओढा गावातून वाहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅलेन्सियाजवळ दोनशेहून जास्त माणसं गेली ती अशाच पाण्यात. सरकारचा पूररेषांचा नकाशा ऑनलाइन मोफत आहे, पत्ता टाकून बघता येतो. मी बघितला, घर लाल पट्ट्यात. सरोवराचंही दुखणं आहे, शेतातली खतं वाहून येतात. २०१९ आणि २०२१ मध्ये मासे काठावर येऊन मेले, आणि लोकांनी सह्या गोळा करून २०२२ मध्ये सरोवराला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळवून दिला. त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. पण घर मी घेतलं नाही. सध्या मुर्सियातच कार्ताहेनाला भाड्याने राहतो.

मालागातून :

सगळे प्रतिसाद वाचले. मला थोडं वेगळं बोलायचंय, कृपया राग मानू नका. मी आयटीत, मूळचा साताऱ्याचा, तीन वर्षं दक्षिण स्पेनमधल्या मालागात. इथे मला पहिलं घर मिळालं ते 'सप्टेंबर ते जून' करारावर. जुलै-ऑगस्टमध्ये तेच घर पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने जातं. दोन उन्हाळे मी बॅगा घेऊन मित्राच्या सोफ्यावर काढले. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी इथेच जन्मलेली, तिला आईवडिलांच्या गल्लीत घर परवडत नाही. परवडणाऱ्या घरांसाठी निघालेल्या २९ जून २०२४ च्या मोर्चात मीही चाललो. त्याआधी एप्रिलमध्ये स्पेनच्याच कॅनरी बेटांवर अतिपर्यटनाविरुद्ध मोठे मोर्चे झाले होते. आपण दुसरं घर घेतो तेव्हा कुणाचं तरी पहिलं घर महाग होतं. कोकणातल्या गावांत पुण्या-मुंबईची बंद घरं वाढली की आपल्यालाच वाईट वाटतं ना?

नियमही बदलताहेत. ३ एप्रिल २०२५ पासून इमारतीत नव्याने पर्यटकांना घर द्यायचं तर सोसायटीची तीन पंचमांश मतांची आधी संमती लागते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन अल्पमुदतीच्या भाड्याला नोंदणी क्रमांक लागतो. युरोपीय संघाबाहेरच्या, इथे न राहणाऱ्या खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी जानेवारी २०२५ मध्ये मांडला. तो प्रस्ताव आहे, कायदा नव्हे, पण हवा कुठली आहे ते कळतं. 'भाड्यातून हप्ता फिटेल' या हिशोबावर कोणी घर घेत असेल तर थांबा.

मीठभाकर :

मालागातून, राग कसला? बरोबर बोललात. आमचं घर वर्षातले आठ महिने बंद असतं हे मलाही टोचतं. पर्यटकांना आम्ही कधी दिलं नाही आणि देणार नाही. दोन वर्षांत नवरा निवृत्त होतोय, मग तोच काम न करता राहण्याचा व्हिसा घेऊन आम्ही तिथेच राहणार आहोत, दार उघडं ठेवून. तोवर वहीत दिवस मोजतो: सप्टेंबर मध्य ते नोव्हेंबर मध्य, मग वीस मार्चनंतर दोन महिने. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद होऊ लागलीय, तेव्हा दिवसांचा हिशोब अंदाजपंचे ठेवून चालणार नाही.

केतकीपान :

घरखरेदी माझ्या आवाक्यात नाही, पण धागा आवडला. तिथे दिवस कसा जातो? भाजीपाला, शेजार, भाषा?

मीठभाकर :

केतकीपान, हे लिहायला मला सगळ्यात आवडेल.

दर शुक्रवारी मोठा आठवडी बाजार भरतो. कोथिंबीर लॅटिन अमेरिकन दुकानात मिळते, जुडी चांगली जाड. मासे आपल्या ओळखीचे: 'सार्दिना' म्हणजे तारली, 'काबाया' बांगड्याचा सख्खा भाऊ. तिखलं अगदी घरच्यासारखं होतं. गावाला रेल्वे नाही, जुन्या लोहमार्गावर आता चालायची वाट आहे, मी रोज संध्याकाळी तिथे जाते. १८२९ च्या भूकंपात गाव कोसळलं, नंतर सगळे रस्ते सरळ आखले, त्यामुळे चुकायला होत नाही.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे वडीलही मिठावर कामाला होते. माझं स्पॅनिश तेव्हा दहा शब्दांचं. मी फोनवर बाबांचा फोटो दाखवला, हातात फावडं, मागे रास. त्या उठल्या, आतून त्यांच्या वडिलांचा फोटो घेऊन आल्या. तसंच फावडं, तशीच रास. दोघी बराच वेळ काही बोललो नाही. तेव्हापासून आमची चावी त्यांच्याकडे असते, आणि आम्ही नसताना त्या आठवड्यातून एकदा खिडक्या उघडतात. आता भिंतीला बुरशी येत नाही. सोसायटीच्या सभेला त्या मला शेजारी बसवून हळू स्पॅनिशमध्ये समजावतात. डेर्राम्याचे हप्ते पाडून घेतले तेही त्यांनीच सभेत बोलून.

निवृत्त६२ :

सगळ्यांचे आभार. रात्री पत्नीला पूर्ण धागा वाचून दाखवला. विसार पाठवायचा बेत रद्द केला. मुलाला सांगितलंय, जानेवारी-फेब्रुवारीचे सहा आठवडे तोरेव्हिएहात भाड्याचं घर बघ, आम्ही शेंगेन व्हिसावर येतो. घर शोधताना त्याला नेमकं काय विचारायला सांगू?

मीठभाकर :

काका, फार बरं वाटलं. त्याला सांगा, आधी फोनवर होकायंत्र उघडून बैठकीची खोली दक्षिणेकडे आहे का ते बघ. मग पलंग सरकवून मागच्या भिंतीला हात लाव. लिफ्टला आधी पायऱ्या आहेत का ते मोज, आमच्याकडे पाच आहेत, वहिनींना त्या जड जातील. गरम हवेचा एसी बैठकीत आहे की झोपायच्या खोलीतही, ते विचार. वीजबिल भाड्यात आहे की वेगळं, तेही. आणि निघताना दोघांसाठी घरात घालायच्या जाड तळव्याच्या सपाता घ्या. फरशी पहाटे फार गार असते.